आधी पेन्शन, मग गिटार

साठच्या दशकात फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल गावी, रॉबर्ट ई. ली हायस्कूलमध्ये लेनर्ड स्किनर नावाचे पी.टी.चे सर होते. पोराचे केस कॉलरला टेकले की सर त्याची रवानगी थेट प्रिन्सिपलकडे करायचे. गॅरी रॉसिंग्टन आणि त्याच्या दोस्तांच्या अशा वाऱ्या इतक्या झाल्या, की शेवटी पोरांनी आपल्या बँडला सरांचंच नाव देऊन टाकलं, स्पेलिंगची वाट लावून. लिनर्ड स्किनर्ड! ते नाव कुणाला धड वाचता येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून 1973 सालच्या पहिल्या अल्बमच्या नावातच उच्चार छापला.

गंमत पुढेच आहे. सरांनी शाळा सोडली आणि जमीनजुमल्याच्या व्यवसायात पडले. 1975 साली बँडने तिसऱ्या अल्बमच्या आत त्यांच्या ऑफिसच्या पाटीचा फोटो टाकला, फोन नंबरासकट. मग काय, रात्री-अपरात्री फोन खणखणू लागले. पलीकडून विचारायचे, कोण बोलतंय? हे सांगायचे, लेनर्ड स्किनर. पलीकडे आनंदाचा चीत्कार! सरांची नि बँडची पुढे चांगली गट्टी जमली. एकदा जॅक्सनव्हिलच्या कार्यक्रमात सरांनीच स्टेजवर येऊन बँडची ओळख करून दिली. 2010 साली ते गेले. 2021 मध्ये त्या शाळेचंही नाव बदललं. शिस्तीसाठी झगडलेल्या माणसाचं नाव मात्र अजून लांब केसवाल्यांच्या टी-शर्टवर मिरवतंय.

मुंबईत ऐंशीच्या दशकात मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेल्या कॅसेटवर या बँडची गाणी ऐकली, तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. वाटायचं, हे लोक गिटार गळ्यात घालूनच जन्माला आले असणार. पुढे पोटापाण्यासाठी जॉर्जियात येऊन पडलो आणि एकेकाची पूर्वपीठिका कळत गेली. बँडचा गायक रॉनी व्हॅन झँटचे वडील ट्रक चालवायचे. रॉनीने बेसबॉलच्या मैदानात टोलवलेला चेंडू बॉब बर्न्सला लागला, त्यातून ओळख झाली आणि त्याच दिवशी बर्न्सच्या घरी, गाडी लावायच्या छपराखाली, पहिली तालीम. म्हणजे ड्रमर कसा निवडला, तर चेंडू मारून. बिली पॉवेल तर बँडचं सामान वाहणारा पोऱ्या. एका शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात मोकळा पियानो दिसला म्हणून बसला आणि बँडच्या ‘फ्री बर्ड’ गाण्याची स्वतः रचलेली सुरावट वाजवू लागला. बाकीचे थक्क. स्पीकर उचलण्यातून त्याची जी सुटका झाली ती कायमची.

त्याच काळातल्या ऑलमन ब्रदर्स बँडमधल्या ऑलमन बंधूंची कथा तर आणखी वरची. धाकट्या ग्रेगने घरोघरी पेपर टाकून 21 डॉलर जमवले आणि डेटोना बीचच्या सीअर्समध्ये गिटार घ्यायला गेला. किंमत 21.95. पंचाण्णव सेंट कमी पडले म्हणून दुकानदाराने परत पाठवला. दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे घेऊन गेला तेव्हा गिटार मिळाली. थोरल्या ड्युएनने मोटरसायकलचा चुराडा केला आणि तिचे भाग विकून स्वतःची गिटार घेतली. ग्रेगला खरं तर दातांचा डॉक्टर व्हायचं होतं. पण 1965 मध्ये व्हिएतनामचं बोलावणं आलं. ड्युएनने तोड काढली, पायात गोळी घालून घे. मग रीतसर पार्टी ठेवली, पोरी बोलावल्या, हाडं चुकवून गोळी कुठे घालायची याचा अभ्यास झाला, बुटावर खूण रंगवली आणि ग्रेगने नेम धरला! प्लास्टर बांधून भरतीच्या ऑफिसात गेला, सुटला. हे वाचून हसावं की घाबरावं कळत नाही. मी हसतो.

ड्युएन सर्दीने बेजार होऊन पडला होता, तेव्हा ग्रेगने दिलेल्या कोरिसिडिनच्या गोळ्यांची बाटली त्याने रिकामी केली, लेबल सोलून बोटात चढवली आणि स्लाइड गिटार वाजवायला शिकला. आता ती काचेची बाटली औषधाच्या दुकानात मिळत नाही. तिची नक्कल संगीताच्या दुकानात मिळते. आत गोळी नाही, सर्दी असो-नसो, पोरं विकत घेतात. जॉर्जियातल्या मेकन गावी याच बँडची पोरं एच अँड एच खानावळीत दोन थाळ्या मागवून सगळ्यांत वाटून खायची. तिथली मामा लुईस त्यांना न मागता वाढून द्यायची. ते राहायचे ते घर आता म्युझियम आहे, तिकीट काढून आत जायचं.

या सगळ्यांनी नोकरीधंद्याला पाठ दाखवली आणि बँडमध्ये आले. आता मात्र उलटं झालंय. आमच्या गावाजवळ बार्बेक्यूच्या एका टपरीवजा हॉटेलात शुक्रवारी सदर्न रॉक, म्हणजे वरच्या मंडळींच्या धाटणीचं संगीत, वाजवणारा बँड बसतो. ड्रमर तीस-पस्तीस वर्षं दातांचा डॉक्टर होता. ग्रेगचं जे राहिलं ते याने आधी उरकून घेतलं आणि मग बडवायला बसला. गायक ओळख करून देताना हमखास सांगतो, ‘याने तुमच्यापैकी निम्म्यांना भूल दिलीय, आज तुम्हाला जागं ठेवेल.’ बेसवाला टपाल खात्यातून निवृत्त. त्याच्या मांडीवर अजून एका कुत्र्याच्या दातांची खूण आहे आणि ती तो दुसऱ्या मध्यंतरात, कुणी विचारो न विचारो, दाखवतो. गायक स्वतः विमा विकायचा. त्यामुळे माइक हातात आला की सोडत नाही. आपल्याकडे बँकेची पासबुकं भरता भरता राज्य नाट्य स्पर्धेत राजा हरिश्चंद्र रंगवणारे असायचे, त्यांच्याच जातकुळीतले हे. फक्त यांनी पेन्शन सुरू होईपर्यंत धीर धरला.

स्किनर सरांची यांच्यावर काही हरकत राहिली नसती. कॉलरला टेकायला केस आहेत कुणाकडे? गाण्यांची यादी टाइप केलेली, अक्षर एवढं मोठं की एका पानावर चारच गाणी मावतात. ॲम्प्लिफायर पूर्वी दोघांनी उचलायचा असायचा, आता तळहाताएवढा, कारण कंबर. सामान उतरवायला गायकाचा नातू येतो, त्याला तासाचे पैसे आणि रिब्जची एक प्लेट. दहा वाजले की कार्यक्रम बंद. गावाचा नियम तसा नाही, यांच्या गोळ्यांची वेळ तशी आहे.

मागच्या बाकांवरून कुणीतरी ‘फ्री बर्ड!’ ओरडतंच. लिनर्ड स्किनर्डच्या अटलांटाच्या फॉक्स थिएटरमधल्या 1976 च्या कार्यक्रमात श्रोत्यांनी जसा त्या गाण्याचा हट्ट धरला होता, तसा तो आता कुठल्याही गाण्याच्या कार्यक्रमात धरला जातो, बँड सदर्न असो वा नसो. मूळ रेकॉर्डवरच ते नऊ मिनिटांच्या वर जातं, स्टेजवर त्याहून लांबतं. डॉक्टरसाहेब काठ्या खाली ठेवतात, ‘पाच मिनिटं’ असं बोटांनी दाखवतात आणि आधी स्वच्छतागृहात जाऊन येतात. तोवर गायक विम्याचा एखादा किस्सा सांगतो. मग सुरू होतं, आणि खरं सांगतो, शेवटच्या तीन मिनिटांत टपालवाल्याची बोटं अशी पळतात की मागे परत कुत्रा लागलाय असं वाटावं.

पुढच्या शुक्रवारी कार्यक्रम नाही. लीड गिटारवाल्याचा मोतीबिंदू काढायचाय. बदली माणूस शोधताहेत. तरुण चालेल म्हणाले, साठीच्या आतला.