एका दारात दोन वॉचमन

नेट बंद पडण्याचे दोन प्रकार असतात. एकात राउटरचा दिवा लाल होतो आणि आपण कंपनीला शिव्या घालून मोकळे होतो. दुसऱ्यात सगळे दिवे हिरवे असतात, त्याच वायफायवर फोनमध्ये रील्स पळत असतात, पण कम्प्युटरवर एक पान उघडत नाही.

मामाच्या दुकानात हा दुसरा प्रकार होता. तालुक्याच्या गावातलं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. त्या दिवशी स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख. बाकावर पाच जण. एका मुलीचे वडील शेतातून थेट आलेले, उत्पन्नाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. फोनवर प्रयत्न करून झाला होता, पण ती साइट फोनवर अर्धवटच दिसायची.

मी पिंग करून पाहिलं. उत्तर येत होतं. म्हणजे रस्ता शाबूत, दारात कोणीतरी अडवतंय. टास्कबारच्या कोपऱ्यात दोन ढाली होत्या. एक अँटिव्हायरस कम्प्युटरबरोबर आलेला, दुसरा मामाने आठवड्यापूर्वी पैसे भरून घेतलेला.

"असू दे की दोन," मामा म्हणाला. "एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा धरेल."

यात काही वेडेपणा नाही. एकदा कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला होता आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते. तेव्हापासून मामाला एक ढाल पुरत नाही.

पण हे दोघं पाळीने पहारा देत नाहीत, एकाच दारात उभे राहतात. सुरक्षित साइटवरून येणारा मजकूर कुलूपबंद असतो. तो तपासायचा तर अँटिव्हायरस आपलं स्वतःचं रूट सर्टिफिकेट कम्प्युटरमध्ये बसवतो, मध्ये शिरून पाकीट फोडतो, वाचतो आणि आपला शिक्का मारून ब्राउझरच्या हातात देतो. चोरही हेच करतो, फक्त परवानगी न घेता. त्यामुळे एकाच पाकिटावर दोघं बसले की दुसऱ्याला पहिल्याचा शिक्का बनावट वाटू शकतो. दोघंही आपापलं काम चोख करत असतात आणि पान काही येत नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर शहाणा. दुसरा अँटिव्हायरस आलेला दिसला की सहसा आपणहून बाजूला होतो. विकत घेतलेल्यांकडून ही अपेक्षा ठेवू नये.

"पैसे दिलेला ठेव, फुकटचा काढ," शेवटी मामा म्हणाला. काढला, रीस्टार्ट केलं. नेट तरीही बंद! नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलेल्याचा फिल्टर तसाच चिकटलेला. तो उपटायला त्याच कंपनीचं वेगळं टूल लागतं, आणि ते मिळतं कुठे, तर नेटवर. मी फोनवर उतरवून घेतलं, केबलने कम्प्युटरमध्ये टाकलं, सेफ मोडमध्ये चालवलं. मग 'नेटश विनसॉक रीसेट' ही कमांड. ती २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर आली. त्या काळी असे फिल्टर साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असत. मधली कडी नीट न काढता उपटली की अख्खं नेट जायचं.

पुन्हा रीस्टार्ट. पान उघडलं तेव्हा पावणेआठ झाले होते. दोघं जण शेवटच्या एसटीसाठी आधीच निघून गेले होते. उरलेल्या तिघांचे फॉर्म गेले. त्या मुलीच्या वडिलांनी पावती दोनदा वाचली, घडी घातली आणि त्याच पिशवीत ठेवली. मामा गेलेल्या दोघांना फोन लावत राहिला. एकाचाच लागला. त्याची कागदपत्रं त्याच्याबरोबरच एसटीत होती.

फोनवर हे भांडण होत नाही, कारण अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतं. जाहिराती अडवणारी बरीच ॲप्स फोनमध्येच एक खोटं व्हीपीएन उभं करून चालतात, त्यामुळे त्यांनाही हाच नियम. दुसरं सुरू केलं की पहिलं बंद. मला हा आडमुठेपणा आवडतो. ऑफिसचं व्हीपीएन लावलं की माझं जाहिराती अडवणारं ॲप मुकाट्याने बंद होतं. मग दिवसभर जाहिराती दिसतात, पण नेट चालतं.