मिठाचें पाणी

लोणचें घालणें हें आमच्या घरीं आजीचें काम. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून ती त्या रात्रभर झांकून ठेवी. सकाळीं पाहावें तों फोडी आकसलेल्या आणि परातीच्या तळाशीं पाणी! “मीठ पाणी ओढतें रे बाळा,” एवढेंच तिचें स्पष्टीकरण. पुढें शाळेंत ‘परासरण’ हा जडजंबाल शब्द भेटला. पण त्यानें आजीच्या म्हणण्यांत फारशी भर घातली असें मला वाटलें नाहीं. पेशीच्या पातळ पटलांतून पाणी सहज जातें, मीठ तितकें सहज जात नाहीं. म्हणून बाहेर मीठ अधिक झालें कीं पाणी तिकडे धांवतें, इतकेंच.

आजी नऊ वर्षांची असतांना तिचा धाकटा भाऊ पटकीनें गेला. जुलाब होणाऱ्याला पाणी द्यावयाचें नाहीं, अशी तेव्हां घरांतल्या वडीलमंडळींची समजूत. तो ‘पाणी, पाणी’ करूं लागला, तेव्हां सर्वांची नजर चुकवून तिनें त्याला तांब्याभर पाणी पाजलें. पहांटे तो गेला. “मींच मारला त्याला,” असें ती ऐंशीव्या वर्षींहि म्हणे. मी तिची समजूत घालीत असें. पण ती आपली नातवाची समजूत, तिला आधार कांहीं नव्हता.

आधार सांपडला तो आजी गेल्यावर, वाचतां वाचतां. पटकीचें विष आंतड्यांतील पेशींना क्षार बाहेर लोटावयास लावतें, आणि पाणी त्यांच्या मागोमाग वाहून जातें. परंतु त्याच पेशींचें एक दार पटकींतहि उघडें राहतें. तेथून साखर आंत येते ती एकटी नव्हे, सोडियमचा हात धरून. आणि मग पाणीहि त्यांच्या पाठोपाठ आंत शिरतें. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं प्राग येथें मांडली. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें द्रव संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं लिटरभर पाण्यांत २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून तें रोग्यांना पाजावयास त्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलें. शेंकडा ३० पर्यंत गेलेलें मृत्यूचें प्रमाण ३.६ वर आलें. पाजणाऱ्यांत बहिणीहि असतीलच.

म्हणजे आजीचें चुकलें नव्हतें. तांब्यांत चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर तेवढी नव्हती. दोन्ही त्याच घरांत, हाताशीं असणार! यानें समाधान मानावें कीं जीव अधिकच तुटावा, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

यंदाहि कैऱ्या आणल्या. फोडींना मीठ चोळून परात मींच झांकली. सकाळीं झांकण काढण्याचें काम मात्र पत्नीवर सोंपविलें.