भोजनगृहाची हिशेबवही



स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने आठवणी लिहून द्याव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही सात जण पुण्यातील एका भाड्याच्या खोलीत जमलो होतो. २०१९ साली दहावी उत्तीर्ण झालेली आमची तुकडी. आज आमच्यापैकी कोणी विधीचे शिक्षण घेत आहे, कोणी परिचारिका आहे, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसते, तर एक जण नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आडत्याकडे हिशेब लिहितो. पहाटेची वंदना, थंडीतली गार पाण्याची आंघोळ, बिबट्याच्या भीतीने रांगेत धरून नेलेले कंदील, असे बरेच काही आठवले. परंतु बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येत राहिले. ते ठिकाण म्हणजे आपले भोजनगृह. म्हणून हा लेख त्या भोजनगृहाविषयी आणि तेथे आम्हांला प्रथम आलेल्या रागाविषयी आहे.

आपल्या भोजनगृहाच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाच्या वर, एका खिळ्याला हिशेबवही टांगलेली असे. तांदूळ किती आला, किती शिजला, डाळ किती उरली, हे अधीक्षक सर रोज रात्री त्या वहीत लिहीत आणि ती वही कोणत्याही विद्यार्थ्याने वाचावी, असा त्यांचा आग्रह असे. गणितात कच्चे असणाऱ्यांना तर ती मुद्दाम वाचावी लागे. त्या वहीनेच आम्हांला शिकवले की, अनुदानित वसतिगृहातील एका मुलाच्या पोषणासाठी शासन त्या काळी दरमहा ९०० रुपये देत असे. महिन्याचे तीस दिवस धरले तर दिवसाला ३० रुपये. त्यात सकाळचा नाश्ता, दोन वेळचे जेवण, सरपण आणि दिव्याचे तेलही. बाहेर एका वडापावाला आणि चहाला तेव्हा जवळपास तेवढेच पैसे लागत. पुढे ही रक्कम वाढली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. पण आमची वाढीची वर्षे त्या तीस रुपयांत गेली, आणि ते तीस रुपयेही वेळेवर येत नसत.

ती तूट कोणी भरून काढली, याची नोंदही त्याच वहीत आहे. सातगाव पठारावरून बटाट्याची पोती येत. आंबेगावच्या पश्चिमेकडील वाड्यांतून पालक भेटायला येताना पायलीभर नाचणी किंवा आंबेमोहोर तांदळाची कणी आणत. बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला गावोगावच्या उपासक-उपासिका धान्यदान करत. स्वयंपाकघरातील मावशींचे मानधन अनेकदा थकलेले असे, तरी त्यांची चूल कधी थकली नाही. त्यांचे नाव येथे लिहिले तर त्या रागावतील, म्हणून लिहीत नाही.

आठवीत असताना सरांनी आम्हांला शिवनेरीच्या पूर्वेकडील लेण्यांवर नेले होते. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचले होते. त्या कोणी कोरविल्या, हे मात्र तेथे कळले. ब्राह्मी लिपीतील एका लेखाकडे बोट दाखवून सरांनी सांगितले की, चित नावाच्या एका यवनाने, म्हणजे दूरदेशीहून आलेल्या माणसाने, भिक्खू संघाला येथे भोजनमंडप दान दिला. दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचे कोरलेले आहे. मानमोडीच्या लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा उल्लेख आहे. आमच्यापैकी एकाने तेव्हा सहज विचारले, “सर, म्हणजे मेस तेव्हाही होती?” सर हसले आणि म्हणाले, “होती. आणि ती चालविणाऱ्यांत व्यापारी होते, परदेशी होते आणि सरकारी अधिकारीही होता. कोणीच अंग काढून घेतले नव्हते.” ते शेवटचे वाक्य आम्हांला दोन वर्षांनी समजले.

२०१८ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या आदिवासी विकास विभागाने निर्णय घेतला की, शहरांतील आदिवासी वसतिगृहांत भोजनगृहे चालविण्याऐवजी जेवणाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात थेट जमा करावी. पुण्यासारख्या शहरात ती दरमहा ३,५०० रुपये ठरली. निर्णयामागील युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. ठेकेदाराच्या जेवणाविषयी तक्रारी होत्याच. मुलांनी आपल्या आवडीचे, आपल्या पैशांनी जेवावे, असे त्यात म्हटले गेले. परंतु विद्यार्थ्यांना दिसत होते ते निराळे होते. पैसे उशिरा आले तर तोवर खायचे काय? खोलीवर स्वयंपाकाला परवानगी नाही, मग मुलींनी रात्री खानावळ शोधत कोठे फिरायचे? आणि घरी आई आजारी असताना खात्यात साडेतीन हजार आले, तर कोणता मुलगा ते स्वतःच्या पोटात घालील? भोजनगृह बंद होते तेव्हा केवळ स्वयंपाकी जात नाही. पोटाची जबाबदारी शासनाच्या खांद्यावरून उतरून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येते.

त्या जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. पुणे-नाशिक रस्ता म्हणजे आपला रस्ता. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही आमची रोजची गावे. पाऊस सुरू होता. मोर्चात आपल्याच शाळेतून पुढे गेलेली, भीमाशंकरच्या बाजूची एक ताई होती. तिने अधीक्षक सरांना दूरध्वनी केला. आपल्या भागातील काही मुले मागे राहिली आहेत, त्यांच्यासाठी भाकरी मिळेल का, एवढेच तिने विचारले.

त्या संध्याकाळी कार्यालयात झालेला वाद आम्ही खिडकीबाहेर उभे राहून ऐकला. संस्थेच्या एका वडीलधाऱ्या विश्वस्तांचे म्हणणे होते की, आपली अनुदानाची कागदपत्रे मंजुरीसाठी पडून आहेत. सरकारविरुद्धच्या मोर्चाला जेवण दिले असे कोणाच्या कानी गेले तर शंभर मुलांचे जेवण अडेल. त्यांना आम्ही तेव्हा भित्रे म्हणालो. आज तसे म्हणणार नाही. ते आमच्याच ताटाला भीत होते. सरांची अडचण वेगळी होती. कोठीतील तांदूळ नोंदलेल्या मुलांच्या नावाचा होता, तो दुसऱ्याला देता येत नव्हता आणि वहीत खोटे लिहिणे त्यांना शक्य नव्हते.

तेव्हा दहावीच्या आम्ही मुलामुलींनी जाऊन सांगितले की, आमच्या वाटणीच्या भाकऱ्या द्या. मावशींनी काही न बोलता पिठाचा डबा पुढे ओढला. आम्ही संतापून शासनाला वाटेल ते बोलत होतो. मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “चुलीतला जाळ चुलीत असला की भाकर होते रे पोरांनो. भाईर आला की घर जळतंय. राग आला तर येऊ द्या, पण त्याच्यावर काहीतरी शिजवा.” रोजच्या वंदनेत आम्ही मैत्रीभावनेचे शब्द म्हणत होतो आणि मनात संताप होता, हे दोन्ही एका मनात कसे राहणार, हा आमचा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर आम्हांला त्या चुलीपुढे मिळाले.

रात्री सरांनी वहीत लिहिले : ‘दहावीच्या विद्यार्थ्यांनी आजचे रात्रीचे जेवण वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दिले.’ ती नोंद कोणी तपासली नाही. अनुदान त्या वर्षीही उशिराच आले, जसे आधीच्या वर्षी आले होते. मोर्चा नाशिक जिल्ह्यात नांदूर शिंगोटे येथे पोलिसांनी अडविला आणि विद्यार्थ्यांना ताब्यात घेतले. ताई परत आली. तिच्या पायाला फोड आले होते आणि भाकरीचे रिकामे फडके तिने धुऊन, घडी घालून परत केले.

हे सारे एका निर्णयापुरते राहिले असते, तर आम्ही आज लिहिले नसते. २०२२ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती मागविण्यात आली, तेव्हा अशा १४,७८३ शाळा आणि त्यांत शिकणारी सुमारे १ लाख ८५ हजार मुले असल्याचे समोर आले. या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार पुढे आला. मोठी शाळा, चांगले ग्रंथालय, प्रयोगशाळा यांना विरोध कोण करील? पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पट कमी असतो, कारण वाडीच दहा-पंधरा घरांची असते. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे आहे. तो एक किलोमीटर कागदावर सपाट असतो. आषाढात ओढ्याला पाणी आले की सहा वर्षांच्या मुलीसाठी तो फार लांब होतो. आमच्यापैकी तिघे अशाच एकशिक्षकी शाळांतून येथे आले. त्या शाळा तेव्हा बंद झाल्या असत्या, तर हे तिघे येथवर पोहोचले असते का, याचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे.

आणि मग २०२५ चा मे महिना. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळविल्याची बातमी आली. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. हा पैसा अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांनाच मिळतो, असे शासनाकडून समर्थन केले गेले.

ही बातमी वाचून आमच्या खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. कारण तो हप्ता आमच्या आयांनाही मिळतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपे चालविणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात १,५०० रुपये येतात, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते आम्ही पाहिले आहे. त्या पैशाला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु आईच्या हातावर ठेवलेला रुपया लेकराच्या ताटातून उचललेला असावा, हे आम्हांला मान्य नाही. दोघांना एकमेकांसमोर उभे करून निवड करायला लावणे, हीच या काटकसरीची सर्वांत क्रूर बाजू आहे. आमच्यातील एकीने घरी दूरध्वनी करून आईला हे सांगितले. आई क्षणभर थांबून म्हणाली, “मग तुझ्या जेवणाचं काय?” चौथी शिकलेल्या आईने अर्थसंकल्पाला विचारलेला तो नेमका प्रश्न होता.

हा प्रश्न आमच्या भूमीला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हेच मांडले होते की, शासनाचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकडे ठेवले : सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूवरील करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्यांचा संताप आमच्यापेक्षा कमी नव्हता. पण त्यांनी तो हिशेबाच्या रूपाने सभागृहापुढे मांडला. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हाही समाजाची वर्गणी आणि शासनाकडे हक्काची मागणी ही दोन्ही कामे बरोबरीने चालू होती. एकाने दुसऱ्याला सुटका दिली नाही.

येथे आम्हांला आपल्या समाजालाही नम्रपणे काही सांगायचे आहे. आपण दानशूर आहोत, याचा अभिमान योग्यच आहे. पण शासन हात आखडते तेव्हा आपण निमूटपणे बटाट्याचे आणखी एक पोते आणून देतो आणि विषय संपतो. दान हे पुण्य आहे. अनुदान हा हक्क आहे. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदात अनुसूचित जाती, जमाती व दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. ती जबाबदारी आपल्या पोत्याखाली झाकली जाऊ नये. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा निधी अन्यत्र वळविता येऊ नये, असा कायदा आंध्र प्रदेश, कर्नाटक व तेलंगणाने केला आहे. महाराष्ट्रातही तो व्हावा, ही मागणी प्रत्येक गावच्या सभेत, प्रत्येक उमेदवारापुढे ठेवली गेली पाहिजे.

गेल्या वर्षी आम्ही शाळेत आलो होतो. सर आता निवृत्त झाले आहेत, मावशींचे गुडघे दुखतात. ती जुनी वही आता कपाटात आहे. खिळ्याला नवी वही टांगली आहे. पाचवीतील एक मुलगा टाचा उंचावून ती वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने आम्हांला विचारले, “दादा, ह्यात तेलाचं दोन वेळा लिहिलंय, बरोबर आहे का?” आम्ही पाहिले. चूक होती. अधीक्षकांना सांगितली, त्यांनी ती दुरुस्त केली आणि शेजारी त्या मुलाचे नाव लिहिले.

त्या मुलाचे जेवण अडू नये, आणि वही वाचण्याची त्याची सवयही मोडू नये, एवढीच या मंगल प्रसंगी आमची कामना आहे.

सर्वांचे मंगल होवो.

— २०१९ च्या दहावीच्या तुकडीतील माजी विद्यार्थी व विद्यार्थिनी