मोरीच्या खालच्या तोंडाशी

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी चढलं नाही, भराव वाहून गेला नाही, की मोरी चांगली झाली, असं मी नोकरीभर मानत आलो. तिरोडा तालुक्यात रस्त्यांची कामं करताना आधी नाल्याचं पाणलोट क्षेत्र काढायचं, मग पुराचा विसर्ग, आणि तेवढं पाणी निघून जाईल इतके सिमेंटचे पाईप टाकायचे. हिशेब तिथे संपायचा. आज तो हिशेब मला अपुरा वाटतो.

गायखुरीच्या डोंगरातून, नागझिऱ्याच्या जंगलातून निघालेले नाले आमच्याकडे बोड्या (लहान तळी) आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव भरत भरत वैनगंगेकडे उतरतात. वरच्या तलावाच्या सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, सुटलेलं पाणी धानाच्या बांध्यांत, तिथून खालच्या तलावात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेली ही साखळी. मृगाचा पाऊस पडून नाला वाहता झाला की मासे याच वाटेने उलटे चढतात. मरळ, शिंगी, मांगूर आणि बोटभर लांबीच्या कितीतरी जाती तलाव सोडून वरच्या उथळ, संथ पाण्यात अंडी घालायला निघतात. खालून वर जाणाऱ्यांचीही ती वाट आहे, हे माझ्या कुठल्याच नकाशात नव्हतं.

एका जंगलरस्त्यावरच्या मोरीखाली पहिल्या पावसात पोरं टोपल्या घेऊन बसत. टोपल्या भरतही. नाल्यात मासळी मुबलक असल्याची ती खूण, असंच मी समजत होतो. तिथेच मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एका वयस्क गृहस्थांनी मला थांबवलं. म्हणाले, "साहेब, इथं मासोऱ्या भेटतेत म्हनूनच वरती भेटत नाही जी. वरची बोडी पाहून या."

मी पाहून आलो आणि परत येऊन मोरीच्या खालच्या तोंडाशी उभा राहिलो. बांधताना नाल्याच्या तळाला टेकलेला पाईप आता गुडघाभर उंचावर लटकत होता. रुंद नाला दोन-तीन पाईपांत कोंबला की पाणी जोराने सुटतं आणि पुढची वाळू-माती उकरून नेतं. दर पावसाळ्यात खड्डा खोल होतो, तळ खाली जातो. काँक्रीटच्या फरसावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. बोटभर मासा खड्ड्यातून उसळी घेई, काँक्रीटवर आपटे, क्षणभर आडवा पडून वळवळे आणि पुन्हा खाली जाई. एखादा पाईपमध्ये शिरलाच, तर आत गुळगुळीत सिमेंट आणि सलग ओढ. दम खायला ना दगड, ना मूळ. टोपल्या भरत होत्या त्या वाट अडल्यामुळे. कासव आणि खेकड्यांना पलीकडे जायचं तर भराव चढून डांबरावरच यावं लागतं.

वन्यजीवांसाठी रस्त्याखालून वाट ठेवण्याच्या बाजूने मी आधीपासून होतो. पण माझ्या मनात वाघच असे. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग 44 खाली भुयारी मार्ग झाले आणि वाघ त्यांतून ये-जा करू लागले. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने वाघ गेला, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. ती हळहळ खरीच होती. मोरीखाली अडलेला मासा मात्र कोणाला दिसत नाही, आणि त्याच्यासाठी कुठल्या अंदाजपत्रकात रकाना नसतो.

म्हणून रपट्यांकडे परत चला, असं मी म्हणणार नाही. नाल्याच्या तळाशी समतल असलेला जुना रपटा माशांना सोयीचा होता, हे खरं. पण नाला उतरेपर्यंत बाळंतिणीला बैलगाडीत ताटकळत ठेवणारं गाव मी पाहिलं आहे. रस्ता बारमाही हवाच. प्रश्न खाली काय बांधायचं एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर अभियंत्यांना ठाऊक आहे. नाल्याच्या काठापासून काठापर्यंत एकच स्लॅबची मोरी घाला, तळाला हात लावू नका. बॉक्स घालायचाच असेल तर तो तळाखाली पुरा आणि त्यात नाल्याचीच वाळू आणि गोटे भरा. कडेला थोडी कोरडी पट्टी सुटली तर साळिंदर, मुंगूसही तिथूनच जातील. पाईपांपेक्षा खर्च जास्त येतो, हे मान्य. पण खालचा खड्डा दरवर्षी बुजवण्याचा आणि कधीतरी वाहून गेलेला भराव पुन्हा घालण्याचा खर्च त्या तुलनेत कोणी धरत नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात हा विषय थेट न्यायालयात गेला. 1850च्या दशकातल्या तहांनी तिथल्या आदिवासी जमातींना मासेमारीचा हक्क दिला होता. सॅमनला वर चढू न देणाऱ्या सरकारी मोऱ्या त्या हक्काला बाधा आणतात, असं म्हणून 2013 मध्ये न्यायालयाने राज्याला मोऱ्या सुधारायला सांगितलं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडली आणि खालचा निकाल कायम राहिला. आपल्याकडे ढिवरांच्या मच्छीमार संस्था तलाव ठेक्याने घेतात, रोहू-कटल्याचं बीज विकत आणून सोडतात. गावरान मासळी कमी होण्यामागे गाळ, बेशरम, शेतातली औषधं अशी बाकीचीही कारणं आहेत. पण आपोआप वर चढून वाढणाऱ्या मासळीची वाट आपणच बंद करायची आणि ठेका मात्र पूर्ण घ्यायचा, हे मला न्यायाचं वाटत नाही.

जुन्या मोऱ्या सगळ्याच पाडाव्या लागणार नाहीत. लटकलेल्या तोंडाखाली मोठ्या दगडांची, वीतभर उंचीच्या पायऱ्यांची उतरंड रचली की प्रत्येक पायरीमागे पाणी तुंबतं, पातळी पाईपच्या ओठाला लागते आणि मासा टप्प्याटप्प्याने चढू शकतो. आतला प्रवाह अडवून पूर वाढणार नाही, एवढं मात्र तपासून घ्यावं लागतं. त्या जंगलरस्त्यावरच्या मोरीसाठी अशा उतरंडीचा आराखडा मी ग्रामपंचायतीला काढून दिला आहे. दगड जवळचाच आहे, काम रोजगार हमीत बसण्यासारखं आहे. पायऱ्यांची उंची मात्र त्या ढिवर गृहस्थांना विचारून ठरवा, असं मी त्यात लिहिलं आहे. कोणता मासा किती उसळी घेतो, हे माझ्यापेक्षा त्यांना अधिक कळतं.