गवयाचं नाव लेखक म्हणून

ग्वाल्हेरात संगीताची शोधपत्रिका काढायचं आम्ही काहीजणांनी ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त वाद झाला तो लेखक म्हणून नाव कुणाचं छापायचं यावर. शोधनिबंधात गवई येतो तो बहुतेक वेळा तळटीपेत: 'प्रत्यक्ष मुलाखत, लष्कर, ग्वाल्हेर'. आयुष्यभर गळ्यात सांभाळलेली चीज तो देतो, ती स्वरलिपीत उतरते आणि पदवी दुसऱ्याला मिळते. मी गाते, शिकवते आणि प्रबंधही तपासते. त्यामुळे हे मला फार वर्षं खुपत होतं.

आणि हे घडतं कुठल्या गावात? 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी इथे संगीताची शाळा काढली. 1918 मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या योजनेने माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. त्यासाठी इथले तयार गवई आधी मुंबईला जाऊन भातखंड्यांची पद्धत शिकून आले. भरल्या मैफली गाजवणाऱ्या माणसांनी पुन्हा विद्यार्थी होऊन पाटी हाती घ्यावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'त ग्वाल्हेरच्या कितीतरी चिजा आहेत. गवयाने अभ्यासकाकडे जायचं, ही वाट इथे शंभर वर्षांपूर्वीच पडली. अभ्यासकाने बरोबरीच्या नात्याने गवयाकडे यायचं, हे मात्र राहूनच गेलं होतं.

नमुने समोर होते. हाथरसचं 'संगीत' मासिक 1935 पासून शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या घराघरांत पोचलं. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीचं जर्नल 1930 चं. रागलक्षणांवर कलावंत आणि पंडित एकत्र बसून भांडले, ते त्यात छापलेलं आहे. तसं काही हिंदी-मराठीत, आपल्या गायकीसाठी, हवं होतं.

आयएसएसएन क्रमांक, छपाई, वर्गणी ही कामं झाली, त्यांत सांगण्यासारखं थोडं. तरुण अभ्यासकांचा प्रश्न मात्र ठरलेला: मान्यताप्राप्त शोधपत्रिकांच्या यूजीसी-केअर यादीत आहे का? आधी नियमित अंक निघाल्याशिवाय यादीत जागा नाही आणि यादीत नाही म्हणून लेख नाहीत. (पुढे 2025 मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केली.) त्या मुलांना मी दोष देत नाही, नोकरीचा प्रश्न असतो.

पहिल्या अंकाचा कणा ठरला एका वयस्क बुवांचा लेख. विषय होता, ग्वाल्हेर गायकीत स्थायीपाठोपाठ अंतरा लगेच का मांडतात, आणि बढत त्यानंतर का. बुवा बोलले, आम्ही ध्वनिमुद्रण केलं, एका विद्यार्थिनीने उतरवून काढलं. परीक्षकाचा शेरा आला: संदर्भ कुठला? बुवा म्हणाले, "माझे गुरुजी." परीक्षकाला ते पुरेसं वाटेना. मला दोघांचंही म्हणणं पटत होतं. गुरूचं नाव घेतलं की प्रश्न संपतो असं मानलं तर संशोधन थांबेल. पण ग्रंथात नाही म्हणून तालमीला पुरावाच मानायचं नाही, तर या कलेचा बहुतेक इतिहास बाहेर राहील.

शेवटी आम्ही एक रीत घालून घेतली. तालमीचा संदर्भ द्यायचा तर कुणाकडून, साधारण केव्हा, कोणत्या चिजेच्या निमित्ताने शिकलात ते लिहायचं. त्याच गुरूंचा दुसरा शिष्य असेल तर त्याचा पाठ शेजारी ठेवायचा, जुनं ध्वनिमुद्रण असेल तर ताडून बघायचं, फरक निघाला तर तो झाकायचा नाही. दोन परीक्षकांपैकी एक अभ्यासक, एक गाणारा किंवा वाजवणारा. बुवांच्या गुरुबंधूंनी अंतऱ्याचा मुखडा जरा वेगळा गाऊन दाखवला, आणि लेख त्याने कितीतरी भरीव झाला. लेखक म्हणून नाव बुवांचं, शब्दांकन म्हणून विद्यार्थिनीचं.

स्वरलिपीचा गुंता निराळाच. स्वराच्या डोक्यावर बिंदू असला की भातखंडे लिपीत तो तार सप्तकाचा, पलुस्कर लिपीत मंद्राचा. स्वरावरची उभी रेघ भातखंडे लिपीत तीव्र मध्यम सांगते, पलुस्कर लिपीत तार सप्तक. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेर परंपरेचेच. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही लिप्यांतले लेख येणार हे उघड होतं. एकच लिपी सक्तीची करावी असा आग्रह झाला. मी विरोध केला. ज्याने ज्या लिपीत शिकवलं, त्याच्या हातून तीच बरोबर उतरते. म्हणून मूळ लिपी ठेवून प्रत्येक चिजेच्या वर चिन्हांचा खुलासा छापतो आणि ध्वनिमुद्रणाचा क्यूआर कोड देतो, कारण मींड कुठे रेंगाळते हे कुठलीच लिपी पुरतं सांगत नाही.

सध्या दुसऱ्या अंकासाठी टप्प्यावरचा लेख हातात आहे. लेखिका स्वतः टप्पा गाते. तानांची फोड करताना परीक्षकाने जिथे लयीची चूक दाखवली, तिथे तिने ध्वनिमुद्रण पाठवून ती चूक नसून तालीमच तशी असल्याचं म्हटलं आहे. परीक्षक अजून मान्य करत नाहीत. दोघांचंही म्हणणं आम्ही लेखासोबत छापणार आहोत.