एल्मरचं दप्तर

नानीच्या गोष्टींत अमीर हमजा अजदहाला ठार करायचा. माझ्या लेकीला मात्र रुथ स्टाइल्स गॅनेट यांच्या ‘माय फादर्स ड्रॅगन’मधला (१९४८) एल्मर आवडतो. प्राण्यांनी नदीवर वाहतुकीला जुंपलेलं ड्रॅगनचं पिल्लू सोडवायला हा पोरगा निघतो. वाघांना च्युइंगगम, कळकट शिंगाच्या गेंड्याला टूथब्रश, मगरींना लॉलीपॉप! चाकूही आहे, पण तो पिल्लाची दोरी कापायला.

परवा शाळेत दोन मुली, ‘मुसलमान आहे’ म्हणून, तिच्याशेजारी बसेनात. रात्री पुस्तक मिटून तिने विचारलं, “अम्मी, त्यांना काय आवडत असेल?”

दरवेळी लॉलीपॉप आमच्याच पोरांनी का न्यायचे? मला हे पटत नाही. सकाळी तिने डब्यात दोन नानखटाया जास्त मागितल्या. मी दिल्या.