आधी लेन्स, मग बॉडी

सातारा

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे मेगापिक्सेल, व्हिडिओ, वायफाय, अगदी रंगसुद्धा. हा नेटकेपणा ताईकडून आलाय. पण मी ज्या रकान्यावर पहिलं बोट ठेवलं असतं तोच त्यात नाही: लेन्स. शिकवण्या घेऊन तू 50,000 रुपये साठवलेस आणि दाजी त्यात भर घालायचे नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेगापिक्सेलचं आधी उरकून टाकू. तुझ्या यादीतले बहुतेक कॅमेरे 6000 गुणिले 4000 ठिपक्यांचा, म्हणजे 24 मेगापिक्सेलचा फोटो काढतात. 8 बाय 10 ची प्रिंट इंचाला 300 ठिपक्यांनी काढली तरी 7.2 मेगापिक्सेलमध्ये भागतं. फोर-के टीव्हीचा पडदा 8.3 चा. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याचा फोटो 100 गुणिले 100 ठिपक्यांचा होता आणि तो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. तेव्हा ठिपके मोजण्यात अर्थ होता. आता 24 आणि 26 मधला फरक फक्त बिलात दिसतो.

सेन्सरच्या आकाराने मात्र फरक पडतो. फुलफ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, तुझ्या यादीतले एपीएस-सी साधारण 24 बाय 16 चे, म्हणजे क्षेत्रफळाने निम्म्याहूनही कमी. फोनमधला याच्याही कितीतरी पट लहान, म्हणून अंधार पडला की त्याला चित्र गोड करून दाखवायला सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते. तुला एपीएस-सी पुरेसा आहे. जुनी फुलफ्रेम बॉडी एखादवेळेस बजेटमध्ये बसेलही, पण तिच्यापुढे लावायच्या लेन्स बसणार नाहीत.

आता तुला काय काढायचंय ते बघू. तू तीन गोष्टी लिहिल्यास: स्वयंपाकघरातली आजी, भिगवणचे फ्लेमिंगो आणि जेजुरीचा भंडारा. या तिन्हींना एक लेन्स पुरणार नाही.

आजीचं स्वयंपाकघर भर दुपारी अंधारलेलं. बॉडीबरोबर येणारी 18-55 ची किट लेन्स 55 वर नेलीस की तिचं अपर्चर 5.6 पेक्षा जास्त उघडत नाही (आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). तिथेच 35 मिलिमीटरची 1.8 वाली लेन्स लावलीस तर साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत येतो. किट लेन्सवर शटर 1/10 ला ठेवावं लागेल आणि भाकरी थापणारा हात फिसकटून येईल. तोच हात 1.8 वर 1/100 च्या आसपास स्थिर मिळेल. पन्नास हजारांतला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च हा. कॅननची 50 ची 1.8 स्वस्त आणि छान आहे, पण कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर ती 80 सारखी दिसते. आजी चौकटीत बसवायला तुला भिंतीत घुसावं लागेल. म्हणून 35, किंवा कॅननची 24 ची चपटी लेन्स, ती 2.8 ची आहे, तरी किटपेक्षा बरी.

झूम नाही म्हणून कुरकुर करू नकोस. छायाचित्रकार होमाई व्यारावाला, आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरत. त्याची लेन्स बदलता येत नाही, झूम नाही, आणि एका रोलमध्ये फोटो 12. जवळ जायचं तर पायांनी जायचं.

फ्लेमिंगोंचं मात्र पायांनी जमत नाही. उजनीच्या फुगवट्यात होडी फार जवळ नेली की अख्खा थवा उडतो, आणि नेऊही नये. तिथे कमीत कमी 300 लागते. एपीएस-सीचा फायदा असा की निकॉनवर ती 450 सारखी दिसते. पण एवढ्यासाठी आत्ता लेन्स घेऊ नकोस. पुण्यात भाड्याने मिळतात. हिवाळ्यात एखाद्या शनिवार-रविवारसाठी आण.

जेजुरीला गंमत उलटी. सोमवती अमावास्येला उन्हाची कमतरता नसते, त्यामुळे तू नाक मुरडतेस ती किट लेन्सच तिथे उत्तम: 18 वर, अपर्चर 8 वर. एवढंच कर की घरून निघतानाच लेन्स लाव आणि परत येईपर्यंत काढू नकोस. भंडाऱ्याची पूड एकदा आत शिरून सेन्सरवर बसली की आकाशाच्या प्रत्येक फोटोत डाग दिसतात. आणि यादीतल्या निकॉनच्या झेड30 ला डोळा लावायची खिडकीच नाही, फक्त मागचा स्क्रीन. गडाच्या पायऱ्यांवर भर उन्हात त्या स्क्रीनवर तुला स्वतःचं तोंड दिसेल. बाकी कॅमेरा चांगला आहे, पण तुझ्यासाठी नाही.

बॉडी चार-पाच वर्षांनी बदलते, लेन्स राहतात. म्हणून कॅमेरा निवडणं ही सोयरीक आहे: नुसता मुलगा बघून चालत नाही, घर बघावं लागतं. इथलं घर म्हणजे माउंट, लेन्स बॉडीवर जिथे बसते ती जागा. निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा, कॅननचा ईएफ 1987 पासूनचा. दोघांनीही 2018 मध्ये मिररलेससाठी नवे माउंट काढले आणि हौशी लोक जुनं विकून तिकडे धावले. त्यांची घाई तुझ्या फायद्याची. मी तुझ्या जागी असते तर निकॉनचा डी5600 किंवा डी3500 सेकंडहँड घेतला असता आणि उरलेल्या पैशांत 35 ची लेन्स. मिररलेसचा फोकस डोळा अचूक पकडतो हे खरं, पण स्वयंपाकघरातली आजी काही उडून जात नाही.

या दोन्ही बॉडींत एक खोच आहे. फोकस फिरवणारी मोटर त्यांच्यात नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. जुनी 50 ची 1.8डी स्वस्तात मिळते, बसतेही झकास, पण फोकस हाताने करावा लागतो. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तीच घे.

सेकंडहँड घेताना शटर काउंट विचार. डी3500 चं शटर एक लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. वीस-तीस हजार झाले असतील तर हरकत नाही. अपर्चर 16 वर ठेवून कोऱ्या आकाशाचा फोटो काढ आणि मोठा करून बघ, सेन्सरवरची धूळ लगेच दिसते. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून आत मार. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असो, परत दे. मुंबईची किंवा कोकणातली लेन्स असेल तर दोनदा बघ. आपल्याकडेही पावसाळ्यात कपाटात ठेवू नकोस. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. बिल मागच, आणि त्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून बघ. बिलाशिवायचा ग्रे माल नको.

बॅग, ट्रायपॉड, कार्ड, सगळं 'फुकट' देणारे कॉम्बो असतात, तिकडे फिरकू नकोस. तो ट्रायपॉड कॅमेऱ्याचं वजन सोसत नाही. माझा जुना पडून आहे, बॅगही आहे. लग्नसराई संपली की एसटीने ये आणि घेऊन जा. कार्ड तेवढं नवं घे, ओळखीच्या दुकानातून.

पैसे देण्याआधी मला फोन कर आणि लेन्सवरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखव. दुपारी दोन ते चार माझ्या स्टुडिओत गर्दी नसते.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझी,
मावशी